ग्राफिक्स कार्ड न दिसण्याच्या कथेचा लोणावळा पाठ

संगणकात नवे ग्राफिक्स कार्ड बसवले आणि संगणकाने त्याला ओळखच दाखवली नाही, या कथेचे पाठ जगभर आढळतात. इंटरनेटवरच्या चर्चापीठांतून मी ते पुष्कळ वाचले आहेत (माझ्या पत्नीच्या मते गरजेपेक्षा पुष्कळ). ढोबळमानाने त्यांची तीन कुळे पडतात. पहिल्या कुळात कार्ड खाचेत पुरते बसलेले नसते. दुसऱ्यात कार्डाला वीज पुरवणारी वायर जोडायची राहून गेलेली असते. तिसरे कूळ सर्वांत लोकप्रिय. त्यात कार्ड ठणठणीत असते, पण नायकाने मॉनिटरची केबल जुन्याच जागी खोचलेली असते. तिन्ही कुळांतला नायक माहितीपत्रक वाचत नाही, आणि तिन्ही कुळांत घरातली एखादी स्त्री त्याला विचारते, "दुकानातल्या माणसाला बोलवू या का?" या प्रश्नाला होकार दिल्याचा पाठ माझ्या पाहण्यात नाही.

आमच्या घरी घडलेला पाठ या तिन्ही कुळांत बसत नाही, म्हणून तो नोंदवणे मला अगत्याचे वाटते. (कथेचा नायक आणि नोंदकर्ता एकच असणे ही पद्धतीतली त्रुटी आहे, हे मान्य. पण दुसरी साक्षीदार, म्हणजे माझी पत्नी सारिका, नोंद करण्याच्या सुमारास माझ्याशी बोलत नव्हती.)

सारिका लग्नाच्या फिल्म तयार करते. लोणावळ्यातल्या आमच्या घराची पुढची खोली हा तिचा स्टुडिओ. मागच्या खोलीत मी लोकविधींवर लिहितो. यांपैकी घर कोणत्या खोलीवर चालते, हा प्रश्न प्रस्तुत लेखनाच्या कक्षेबाहेरचा आहे.

भाजे गावच्या भिमाजींनी आपल्या मुलीच्या, रुपालीच्या, लग्नाआधीच्या शूटिंगचे काम सारिकेला दिले होते. लोहगडाच्या पायथ्याला ड्रोन उडाले, वधूवर भातखाचरांच्या बांधावरून सावकाश धावले, आणि त्या सगळ्याची फिल्म हळदीच्या संध्याकाळी मांडवात मोठ्या पडद्यावर दाखवायची ठरली. भिमाजींची अट सरळ होती. "ताई, हळदीला पिच्चर झ्याक दिसला, तर लग्नाचं समदं शूटिंग तुमचं. न्हाई दिसला, तर पुन्याचा स्टुडिओवाला रोज फोन करतोय मला." एवढे मोठे काम सारिकेकडे यापूर्वी आले नव्हते.

हळदीच्या आदल्या दिवशी संगणकातले जुने कार्ड जळाले. फिल्म जोडून तयार होती. तिची अखेरची प्रत काढणे तेवढे उरले होते. कार्डाशिवाय हे काम करायला संगणक जो अवधी सांगत होता, तेवढ्यात रुपाली सासरी जाऊन माहेरपणाला परत आली असती. सारिकेने तातडीने बाजारातल्या युनूसभाईंच्या दुकानातून नवे कार्ड आणले.

हळदीच्या सकाळी ती म्हणाली, "युनूसभाई दुपारच्या आत येऊन बसवून देतो म्हणालेत."

येथे मी तो छोटासा निर्णय घेतला.

"त्यांना कशाला त्रास? मी बसवतो."

"तुम्ही?"

"एक खाच, एक कार्ड, एक स्क्रू. त्यात काय आहे?"

"अहो, मिक्सरच्या वेळीही तुम्ही..."

"मिक्सरचा संदर्भ येथे अप्रस्तुत आहे," मी म्हणालो, आणि युनूसभाईंना येऊ नका म्हणून मेसेजने कळवूनही टाकले.  तेवढ्यात सारिकेला भिमाजींचा फोन आला आणि ती तो घेऊन गच्चीवर गेली, कारण आमच्या घरात बोलणे कळण्याइतकी रेंज फक्त तेथेच असते.

ती गेल्यावर माझ्या सासूबाई, सरुबाई, हातात ताम्हण घेऊन आल्या. त्या भाज्याच्याच. हळदीला लेकीबरोबर मिरवत जायचे म्हणून आदल्या दिवशी आमच्याकडे आल्या होत्या. ताम्हणात तेलात कालवलेले हळदकुंकू, अक्षता आणि झेंडूचे एक फूल होते.

"पाव्हनं, नवी वस्तू हाय. तशीच नका बसवू."

मी हर्षभरित झालो. यंत्रपूजेवर मी लिहिले आहे. ट्रॅक्टर, पिठाची गिरणी, एवढेच काय, एका लिफ्टच्या पूजेचीही माझ्याकडे नोंद आहे. ग्राफिक्स कार्डाच्या पूजेची मात्र नव्हती. सरुबाईंनी बोट कुंकवात बुडवून कार्डाच्या पंख्याजवळ नेले, आणि मी त्यांचा हात अडवला. (हा या कथेतला निर्णायक क्षण. नायकाला तो कळत नाही. तेही परंपरेला धरूनच आहे.)

"आई, तिथे नको. नव्या नवरीचे आपण काय पूजतो? पाय. गाडीचे? चाक. दावणीला आलेल्या गाईचे? खूर. म्हणजे घरात शिरताना जे अंग प्रथम टेकते, ते. बरोबर?"

"व्हय, तसंच करत्यात."

"मग या कार्डाचे प्रथम काय टेकणार? ही खालची सोनेरी कड. ती खाचेत शिरते. कुंकू तिथेच लागले पाहिजे."

सरुबाईंनी त्या कडेकडे पाहिले. सोनेरी दातांची बारीक ओळ होती. "ह्याला चालतं का पर? लय नाजूक दिसतंय."

"विधीचे तर्कशास्त्र पक्के आहे," मी म्हणालो.

त्यांनी कडेला दोन्ही बाजूंनी हळदकुंकवाची बोटे ओढली आणि अक्षता वाहिल्या. मी फूल बाजूला काढले (संगणकात फूल ठेवणे अशास्त्रीय आहे, एवढे मला कळते) आणि कार्ड खाचेत दाबले. 'टक' असा समाधानकारक आवाज आला.

संगणक सुरू झाला. कार्डाचे पंखे फिरले. पडद्यावर संगणक आपल्या जोडलेल्या भागांची जी यादी दाखवतो, तीत मात्र नवे कार्ड नव्हते.

सारिका खाली आली. "झालं?"

"होत आहे."

यापुढचा भाग नायकाच्या निर्धाराचा आहे, आणि त्याबद्दल मी अतिशयोक्ती करणार नाही. मी पहिल्या कुळाप्रमाणे कार्ड पुन्हा दाबले. दुसऱ्या कुळाप्रमाणे वायर काढून परत जोडली. तिसऱ्या कुळाप्रमाणे मॉनिटरची केबल नव्या जागी खोचली, तेव्हा पडदा काळा झाला. जुन्या जागी (म्हणजे संगणकाच्या स्वतःच्या, कार्डाविना चालणाऱ्या जोडणीत) आणली, तेव्हा पडद्याने मला पुन्हा दर्शन दिले. मग मी युनूसभाईंना फोन लावला. त्यासाठी गच्चीवर जावे लागे आणि संगणक खाली होता, त्यामुळे जिन्याने त्या दिवशी माझ्याइतकेच कष्ट घेतले.

"सर, मी बेगडेवाडीला आलोय. एका ऑफिसची सगळी मशिनं बंद पडलीत. तुम्ही नको म्हणालात ना?" युनूसभाई म्हणाले. "पंखे फिरतात का?"

"फिरतात."

"मग कार्ड जिवंत आहे. सॉफ्टवेअर काढून परत टाका."

मी ते काढून परत टाकले. कार्ड दिसेना.

"मग बोर्डाची बॅटरी काढून पाच मिनिटं ठेवा, सर. त्याची आठवण पुसली पाहिजे."

मी आठवण पुसली. संगणक सुरू होताना त्याने मला तारीख विचारली. ती मला फोनमध्ये बघावी लागली. कार्ड दिसेना.

"कार्डच खराब असेल, सर. उद्या बदलून देतो."

"उद्या?" माझ्या मागे येऊन उभी राहिलेली सारिका म्हणाली. "उद्या काय करायचं त्याचं? हळद आज आहे!"

तेवढ्यात तिच्या फोनवर भिमाजी. "ताई, पडदा बांधला बगा. आख्खा गाव दिसंल एवढा मोठा हाय. पिच्चर कदी आनताय?"

"येतोय, भाऊ. निघतोच आहोत."

आम्ही खाली आलो. मी पुन्हा संगणकापुढे बसणार, तोच ती माझ्याकडे वळली. तिचा आवाज चढला नव्हता, आणि म्हणूनच मी सावध झालो. "मी पुण्याच्या माणसाला माझं काम जाऊ देणार नाही. सरका."

"सारिका, मी पद्धतशीरपणे एकेक शक्यता..."

"सरका."

तिने स्क्रू काढला आणि कार्ड उपसून उजेडात धरले. नेमक्या त्या वेळी सरुबाई चहा घेऊन आल्या. कार्डाकडे बघून त्या जागीच थबकल्या.

"आगं बया! लावल्यालं कुकू कुटं गेलं?"

"कुठलं कुंकू?" सारिकेने विचारले.

"अगं, पूजा केली न्हवं. हितं, ह्या सोन्याच्या कडंला लय दाट लावलं होतं. आता निम्मं बी न्हाई ऱ्हायलं."

सारिकेने कार्ड उलटे केले. सोनेरी दातांच्या फटीफटीत पिवळा-तांबडा गाळ बसला होता. निम्मे कुंकू अर्थातच खाचेत उतरले होते.

"आई," ती अतिशय शांतपणे म्हणाली, "तुला हे इथे लावायला कुणी सांगितलं?"

"मी तर वरच्या अंगालाच लावत होते. पाव्हनं म्हनले हितं लावा. नवरीचं पाय, गाईचं खूर, लय काय काय सांगितलं त्यांनी. मला पटलं बी."

 सारिका माझ्याकडे बघत होती. मी चहाकडे बघत होतो. चहा सरुबाईंच्या हातात होता आणि त्या तो मला द्यावा की नाही, या विचारात दिसत होत्या.

"विधीच्या दृष्टीने..." मी सुरुवात केली.

"खोडरबर आणा," सारिका म्हणाली.

मी खोडरबर आणला. लेन्स पुसायचे द्रव तिच्याकडे होतेच. ते कापडावर घेऊन तिने कड पुसली, रबराने दात न दात घासले, ब्रशने खाच झाडली. मी टॉर्च धरून होतो. (टॉर्च धरणे हे दुय्यम पात्राचे काम. माझी ही पदावनती येथे नोंदवतो.) कार्ड परत बसवले, संगणक सुरू केला. कार्ड दिसेना.

"टॉर्च नीट धरा हो. तिकडे काय बघताय?"

तिने खाचेत पुन्हा निरखून पाहिले आणि भुवया कोरायचा चिमटा मागवला. चिमट्याच्या टोकाला धरून जे बाहेर आले, ते तिने माझ्या तळहातावर ठेवले. तांदळाचा एक दाणा होता, कुंकवाने रंगलेला.

"अक्षता बी तुमीच म्हनला होता का, जावई?" सरुबाईंनी हळूच विचारले.

"नाही, आई. त्या तुमच्या."

"मग निम्मी चूक माजी," असे म्हणून त्यांनी अखेर मला चहा दिला.

या वेळी कार्ड यादीत दिसले. सारिका खुर्चीत मागे टेकून मोठ्याने हसली, आणि पुढच्याच क्षणी प्रत काढायच्या बटणावर बोट ठेवून म्हणाली, "आता कुणी ह्या टेबलापाशी यायचं नाही. तुम्ही तर नाहीच." पडद्यावरची हिरवी पट्टी पुढे सरकत राहिली, आणि ती पूर्ण होईपर्यंत मी उंबऱ्याबाहेर उभा होतो.

आम्ही भाज्याला पोहोचलो, तेव्हा दिवे लागले होते आणि मांडव माणसांनी भरला होता. फिल्म सुरू झाली. लोहगड पडद्यावर अवतरला, रुपाली बांधावरून धावली, पोरांनी शिट्ट्या मारल्या, आणि बायका डोळ्यांना पदर लावून हसत राहिल्या. भिमाजींनी ती पुन्हा लावायला सांगितली. मग माईक हातात घेऊन ते म्हणाले, "ताईंनी आपल्या भाज्याचं नाव काढलं. लग्नाचं समदं शूटिंग त्याच करनार!" टाळ्या पडल्या. सारिकेला व्यासपीठावर बोलावून शाल आणि नारळ दिला. सरुबाई पुढच्या रांगेत ताठ बसल्या होत्या.

टाळ्या ओसरल्यावर भिमाजींनी माईक पुन्हा तोंडाशी नेला आणि माझ्या दिशेने पाहिले. "आन् आता ताईंचे मिस्टर. सर, तुमी हितं हाईसा ना?"

मी उपरणे सारखे केले आणि उभा राहिलो.

"तुमची गाडी केटररच्या टेम्पोला आडवी लागलीय. तेवढी काढा, जेवनं खोळंबलीत."

मी गाडी काढली, आणि पंगती बसल्या.