बारा स्प्रिंगा आणि एक बोट

यंदा आपल्या लॅबमध्ये कॉपी होणं शक्यच नाही, असं धम्मदीपने बायकोला छातीठोकपणे सांगितलं, तेव्हा कल्याणी कपाटात नेलपॉलिश शोधत होती.

वाघोलीच्या विद्यापीठात पहिल्या वर्षाची फिजिक्स लॅब त्याच्या ताब्यात होती. स्प्रिंगला वजनं टांगायची, ती किती ताणली जाते ते पट्टीवर मोजायचं आणि तिच्या कडकपणाचा आकडा काढायचा, हा प्रयोग पोरं न करताच लिहीत. सीनियरची जर्नल समोर असताना वजनं कोण उचलतो! म्हणून धम्मदीपने बुधवार पेठेतून बारा वेगवेगळ्या स्प्रिंगा आणल्या. दिसायला सगळ्या जुळ्या बहिणी, कडकपणा मात्र प्रत्येकीचा निराळा. ओळखायला त्याने प्रत्येकीला निराळ्या रंगाचा ठिपका दिला आणि कुठल्या रंगाचा आकडा किती, ते एका चिठ्ठीवर लिहून खिशात ठेवलं.

"माझ्या नेलपॉलिशच्या सगळ्या बाटल्या कुठे गेल्या?" कल्याणीने विचारलं.

"विज्ञानाच्या कामी आल्या," धम्मदीप म्हणाला.

परीक्षेच्या दिवशी तो तासभर आधीच लॅबमध्ये पोचला. बाराही टेबलांवर स्प्रिंगा टांगलेल्या होत्या, लखलखीत. ठिपका एकीवरही नव्हता.

"यमुनाबाई, यांचे रंग कुठे गेले?"

लॅब अटेंडंट यमुनाबाईंनी पदराला हात पुसले. "थिनरनं काढलं ना समदं. पोरींनी नेलपालिश फासलं व्हतं, सर. सायब लोक परीक्षा घ्यायला येणार, काय म्हणतील? दोन तास घासत व्हते."

त्यांच्या चेहऱ्यावर इतकं समाधान होतं, की धम्मदीप फक्त "छान" एवढंच म्हणू शकला. खिशातली चिठ्ठी आता बसच्या जुन्या तिकिटाच्या लायकीची उरली होती.

तो पहिल्या टेबलाला भिडला. वजन टांग, पट्टी बघ, भागाकार कर, पुढचं टेबल. घामाघूम होऊन नऊ स्प्रिंगा उरकल्या, आणि दारात बाहेरचे परीक्षक अवधूत जोगळेकर उभे राहिले. पंचवीस मिनिटं लवकर.

"कात्रजहून निघालो. ट्रॅफिक लागेल म्हणून लवकर निघालो, तर लागलाच नाही," ते नाराजीने म्हणाले. "उत्तरांची यादी आहे ना तयार?"

"आहे. म्हणजे, होतेच आहे."

उरलेल्या तीन स्प्रिंगा धम्मदीपने जाता जाता बोटाने ताणून पाहिल्या. चौदा वर्षांचा अनुभव होता. त्याने लिहिलं: एकवीस, सव्वीस, तेवीस.

"प्रत्येक टेबलाला वेगळं उत्तर? वा, शिस्त आहे," यादी बघत जोगळेकर म्हणाले. धम्मदीपला बरं वाटलं, याची त्याला पुढे बरेच दिवस लाज वाटली.

पहिली नऊ टेबलं सुरळीत गेली. दहाव्यावर दैवाने एकवीसच निघाले. बाराव्या टेबलाची मुलगी गैरहजर होती. अकराव्या टेबलावर होती ऋचा. तिचं उत्तर आलं एकतीस.

"इथे सव्वीस आहे," जोगळेकर म्हणाले. "एकतीस कुठल्या जर्नलमधून उचललंत?"

"सर, मी पाच वेळा मोजलंय."

"चूकही पाच वेळा करता येते." त्यांनी मार्कांच्या रकान्यावर पेन टेकवलं.

ऋचा रडली नाही. तिने वही उघडून पाचही रीडिंग त्यांच्यापुढे धरली. ही मुलगी शनिवारी एकटी थांबून प्रयोग करत बसायची, हे धम्मदीपला माहीत होतं. गप्प बसलं, तर कुणाला काही कळणार नव्हतं. यादी तर शिस्तीची ठरलीच होती.

"सर, तिचं बरोबर असेल," तो म्हणाला. "ते सव्वीस मोजलेलं नाही. बोटाने पाहिलंय."

"कुणाच्या?"

"माझ्या."

जोगळेकरांनी चष्मा खाली सरकवला. "कुठल्या बोटाने?"

धम्मदीपने तर्जनी दाखवली. जोगळेकरांनी ती एखादं नवीन उपकरण पाहावं तशी निरखली. "हिचा लीस्ट काउंट काय?"

लॅबमध्ये हशा पिकला. लहानात लहान किती मोजता येतं, हा प्रश्न धम्मदीप दरवर्षी पोरांना विचारायचा. त्याने तर्जनी मुठीत मिटून घेतली.

जोगळेकरांनी ऋचाला स्प्रिंग पुन्हा मोजायला लावली. सहाव्यांदाही एकतीस आले. त्यांनी तिला पैकीच्या पैकी मार्क दिले आणि पेन बंद केलं.

"आता तुम्ही. दहा, अकरा, बारा. माझ्यासमोर. मला घाई नाही, ट्रॅफिक नाहीये."

पोरं टेबलाभोवती गोळा झाली. यमुनाबाईही मागे येऊन उभ्या राहिल्या. धम्मदीपने वजन टांगलं, स्प्रिंग स्थिर होईपर्यंत श्वास रोखला आणि उभ्याउभ्या वरूनच पट्टीवर नजर टाकून आकडा सांगितला.

"सर," ऋचा हळूच म्हणाली, "जरा वाका ना. तुम्ही तिरकं बघताय."

धम्मदीप वाकला. आकडा खरंच वेगळा होता.