सदूभाऊचं हाटेल

आमच्या आश्रमात जेवणाचे बेत दोनच. सकाळी आमटी-भाकरी आणि संध्याकाळी आमटी-भात. तरीसुद्धा रोज पंगत बसली, की सदूभाऊ खांद्यावर फडकं टाकून प्रत्येक पानापुढे उभा राहायचा आणि कमरेत किंचित वाकून विचारायचा, "बोला शेठ, काय आनू?"

गंमत म्हणजे लोक सांगायचे! दफेदार नावाचे आमचे एक लष्करी गृहस्थ होते. तोंडात एक दात शिल्लक नव्हता, पण ते रोज मटण सांगत, तेही हाडाचं. एकादशीला मात्र साबुदाण्याची खिचडी. सदूभाऊ गंभीरपणे मान डोलवायचा आणि भटारखान्याकडे, म्हणजे आमच्या पत्र्याच्या स्वयंपाकघराकडे, तोंड करून असा आवाज टाकायचा की मुंबई रस्त्यावरचा मोटारवाला वळून बघे. "एक मटन, हाडाचं! एक भरीत, तिखट जास्ती!" आतून स्वयंपाकीणबाई ओरडायच्या, "आमटी हाय!" सदूभाऊ आत जाऊन आमटीची वाटी आणायचा आणि दफेदारांपुढे ठेवून म्हणायचा, "घ्या. नळीचं आनलंय, सावकाश चोखा." आणि दफेदार आमटी चोखायचे.

आश्रम चिंचवडच्या अलीकडे, नदीच्या अंगाला होता. कुणा पुण्यवान व्यापाऱ्यानं तो निराधार म्हाताऱ्यांसाठी बांधला होता. पिंपरीच्या माळावर त्या वेळी औषधांचा कारखाना नवा उभा राहत होता, पलीकडे निर्वासितांची वसाहत वाढत होती. सगळीकडे काहीतरी नवीन उगवत होतं आणि मधोमध आम्ही वाळत घातल्यासारखे ओटीवर बसलेलो असायचो.

सदूभाऊ मूळचा मावळातला. मिसरूड फुटायच्या आधी तो कासारवाडी स्टेशनाजवळच्या एका हॉटेलात पोऱ्या म्हणून लागला. डोक्यावरचे केस पिकले तरी मालकाची हाक "ए पोऱ्या" हीच राहिली. लग्न करायचं राहून गेलं. "रजा कुठं व्हती?" एवढंच त्याचं त्यावरचं भाष्य. मालक वारला, पोरांनी हॉटेल मोडलं, आणि सदूभाऊ एक फडकं आणि एक सदरा घेऊन आश्रमात आला. आल्या दिवसापासून त्यानं पंगतीचा ताबा घेतला. "गिऱ्हाईक उपाशी उठलं तर हाटेलाला शाप लागतो," असं तो म्हणे. आपण स्वतःच इथलं एक गिऱ्हाईक आहोत हे त्याच्या गावीही नव्हतं.

आता माझ्याविषयी सांगायला हवं, कारण ते सांगितल्याशिवाय मला चैन पडत नाही. मी कचेरीतला निवृत्त अव्वल कारकून. आश्रमात मी राहत नव्हतो, हवापालटाला आलो होतो. निदान मी तसं सांगत असे. माझी वळकटी अर्धीच उलगडलेली असायची आणि दुपारच्या उन्हातही मी कोट-टोपी घालून ओटीवर बसायचो, न जाणो कुणी न्यायला आलं तर! "दिवाळीनंतर निघणार," असं मी सर्वांना बजावलं होतं. कुठल्या दिवाळीनंतर, हे विचारण्याइतकं वाईट तिथं कुणी नव्हतं.

पहिल्याच दिवशी सदूभाऊनं मला "रावसाहेब" म्हटलं. सरकारनं मला कधी न दिलेली बढती त्यानं एका वाकण्यात दिली, म्हणून मीही ती दुरुस्त केली नाही. "काय आनू, रावसाहेब?" मला वाटलं, चला, संस्था दिसते त्यापेक्षा बरी आहे. मी घसा साफ केला आणि सविस्तर सांगितलं: साजूक तुपातला शिरा, बेदाणे घालावेत पण काजू नकोत, वरून केशर, आणि सोबत लिंबाचं गोड लोणचं. सदूभाऊनं ते सगळं एका दमात आत ओरडून सांगितलं. थोड्या वेळानं माझ्यापुढे आमटी आली. "काजू येकबी न्हाई, शपथेवर," तो म्हणाला.

मी ताडकन उठून व्यवस्थापकांकडे गेलो आणि माझा शिरा कुणी खाल्ला याची चौकशी मागितली. बाहेर पंगत खोखो हसत होती. व्यवस्थापक नाना, भला माणूस, खाली बघून हसू गिळत होते. त्यानंतर मी सदूभाऊवर बहिष्कार टाकला. तो पुढे आला की भिंतीकडे बघून म्हणायचो, "जे असेल ते." त्यावर तो बिनदिक्कत ओरडायचा, "रावसाहेबांना एक जे-आसंल-ते, पेशल!"

अशात पावसाळा सरता सरता महाळुंग्याहून आक्का आल्या. पुतण्यानं त्यांना बैलगाडीतून आणून सोडलं. शेतकरी घरातल्या बाई, नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, मूलबाळ नाही. घरात पुतणसून आल्यापासून चुलीजवळ त्यांना जागा उरली नव्हती, एवढं पुतण्याच्या बोलण्यातून कळलं. आक्का स्वतः काहीच बोलल्या नाहीत. पंगतीला येऊन बसायच्या, पदर पुढे ओढायच्या, आणि भाकरीचा एक तुकडा मोडून तो तसाच ताटात ठेवून उठायच्या. दिवसाकाठी घोटभर ताक पोटात जाई, तेसुद्धा कुणी बघत नसताना.

चार दिवसांत त्यांचे डोळे खोल गेले. नाना घाबरले. म्हातारी इथं उपाशी मेली तर संस्थेचं नाव जाईल, यापेक्षाही ती मरेल याचीच त्यांना भीती वाटत होती, हे त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं. त्यांनी पुतण्याला निरोप धाडला, "रविवारी येऊन घेऊन जा." आणि जिथं चुलीजवळ जागा नाही त्या घरी आक्का किती दिवस काढणार, हे आम्हा सगळ्यांना दिसत होतं.

मी अर्थातच निदान केलं. अग्निमांद्य! मी त्यांना ओवा आणि सैंधव घेण्याचा सल्ला दिला, अन्नाच्या महत्त्वावर थोडं संस्कृत ऐकवलं, आणि शेवटी ट्रंकेत कुलपात ठेवलेल्या माझ्या खाजगी लोणच्याची एक फोड त्यांच्या ताटात वाढली. माझ्या बाजूनं हा त्याग केवढा मोठा होता, हे माझं मलाच माहीत. आक्कांनी ती फोड हळूच ताटाच्या कडेला सरकवली. मला फार लागलं. पुढे ती फोड मीच खाल्ली, हेही कबूल करतो.

सदूभाऊ मात्र इरेला पेटला. "आक्का, काय आनू?" पदर आणखी पुढे. मग तोच अंदाजानं ओरडायचा, "आक्कांना पिठलं, गाठीचं!" आणि इथं त्यानं आयुष्यातला नियम मोडला. तो खरंच पिठलं आणू लागला. स्वयंपाकीणबाईंच्या हातापाया पडून त्यानं एक दिवस हुलग्याचं माडगं करून घेतलं, दुसऱ्या दिवशी चाकणच्या बाजाराला निघालेल्या गाडीवानाला गाठून ताजी आंबाडी मागवली. आम्ही बाकीचे त्या वासानं कासावीस झालो. आक्कांनी कशालाच हात लावला नाही.

शनिवारी सदूभाऊनं कुणालाच काही विचारलं नाही. गुपचूप वाढत गेला. दफेदारांनी "मटण" म्हटलं, तर तो म्हणाला, "आमटी हाय, दफेदार." त्या दिवशी आमटीला आमटीची चव लागली. मी "जे असेल ते" तयार ठेवलं होतं, तेही कुणी मागितलं नाही, आणि मी अर्ध्या पानावरून उठलो. ज्याच्यावर बहिष्कार टाकला त्याच्याच एका प्रश्नावर आपण इतके दिवस जेवत होतो, हे कळायला मला उपास पडावा लागला.

दुपारी सगळे लवंडल्यावर मी स्वयंपाकघराकडे गेलो. कुणी विचारलं तर गरम पाणी हवं होतं. खरं म्हणजे गुळाच्या डब्याची जागा मला माहीत होती. दाराशी पोचलो आणि थबकलो.

सदूभाऊ फळीशी उभा राहून गार भाकरी आमटीच्या भांड्याच्या तळाला पुसून खात होता. आणि आतल्या दाराशी आक्का उभ्या होत्या.

"तुमी हितं जेवता व्हय?" आक्का म्हणाल्या. त्यांचा आवाज मी पहिल्यांदाच ऐकला. चांगला खणखणीत होता.

सदूभाऊनं भाकरी पाठीमागे लपवली. "माझं काय आक्का... आमचं आपलं मागनं."

"आल्यापास्नं बघतीय. समद्यांना वाढता, पर तुमचं पान काय मांडलेलं दिसत न्हाई. आमच्यात घरातल्या बाप्यांचं झाल्याबिगर बाई घास घेत न्हाई. तुमी उपाशी, वर बाप्या मानूस मला वाढतोय, आन् म्या बसून खाऊ? गळ्याखाली उतरंल का?"

मी दाराच्या चौकटीला धरून उभा होतो. आम्ही सगळे आक्कांच्या पोटात दुखणं शोधत होतो!

"रीत हाय ती," सदूभाऊ पुटपुटला. "आदी गिऱ्हाईक."

"बसा." आक्कांनी पाट सरकवला. चुलीतली राख फुंकून त्यांनी जाळ केला, परातीत पीठ घेतलं. "काय खानार?"

"कायबी."

"कायबी म्हंजी? रोज लोकांना इचारता, आन् सोताचं सांगता येत न्हाई?"

सदूभाऊनं तोंड उघडलं. त्या तोंडातून मी मटण ऐकलं होतं, भरीत ऐकलं होतं, माझा शिरा ऐकला होता. आता त्याला एकही नाव आठवेना.

"गरम," तो म्हणाला. "कायबी चालंल आक्का. गरम आसलं म्हंजी झालं."

उभा जन्म या माणसानं लोकांपुढे वाफाळती ताटं ठेवली होती, आणि त्याच्या स्वतःच्या वाट्याला एकदाही ऊन घास आला नव्हता. मी आयुष्यभर माझ्या हक्कांसाठी अर्ज केले. त्यानं साधी तक्रारसुद्धा केली नव्हती.

पुतण्या रविवारी आला, चहा प्यायला आणि एकटाच परत गेला, हे आताच सांगून टाकतो, म्हणजे वाचकांच्या जिवाला घोर नको. पण मला आठवते ती शनिवारची दुपार. आक्का भाकरी थापत होत्या. सदूभाऊला पाटावर बसता येत नव्हतं. दर भाकरीला तो वाढायला म्हणून अर्धा उठायचा, आणि आक्का नुसतं "हां!" म्हणायच्या, की पुन्हा बसायचा. पहिल्या भाकरीनं त्याची बोटं भाजली, तरी त्यानं ती खाली ठेवली नाही. त्याचं पान झाल्यावर आक्कांनी आपली भाकरी घेतली, त्याच्याकडे पाठ करून भिंतीकडे तोंड केलं, आणि त्या जेवू लागल्या. चांगल्या भराभर जेवत होत्या.

सदूभाऊ रिकाम्या ताटाकडे बघत बसला होता. मग त्यानं इकडेतिकडे पाहिलं. मी दाराआड सरकलो. मोटारवाल्यांना वळून बघायला लावणारा तो माणूस, अगदी कुणाला ऐकू जाऊ नये अशा आवाजात म्हणाला, "आक्का... आनखी येक हाय का?"