गिरिजाबाईंच्या खोलीतला रेडिएटर

"पद्माकर, माझं परतीचं तिकीट जरा अलीकडचं करून घेतोस का?" रविवारी सकाळी चहा घेता घेता गिरिजाबाई म्हणाल्या, आणि पद्माकरच्या हातातला टोस्ट हातातच राहिला.

गिरिजाबाईंच्या अंगात दोन स्वेटर होते, त्यांवर मुलाचा ओव्हरकोट होता आणि डोक्याला नागपूरहून आणलेली माकडटोपी होती. टोपीतून चष्मा आणि लालबुंद नाक एवढंच बाहेर दिसत होतं. सत्त्याऐंशीच्या जानेवारीतलं लीड्स खिडकीबाहेर पांढरंफटक पडलेलं होतं.

"अगं, सहा महिन्यांसाठी आलीस ना? अजून महिनासुद्धा नाही झाला!"

"हो रे. पण नाही निभत माझं इथं."

"थंडी ना?" पद्माकरनं लगेच विचारलं.

गिरिजाबाईंनी मुलाकडे क्षणभर पाहिलं. "थंडी तर आहेच," त्या म्हणाल्या.

पद्माकरनं टोस्ट बशीत ठेवला. तो इथल्या एका मोठ्या हॉस्पिटलच्या लॅबमध्ये रक्त तपासायचा, आणि बायको सुमन तिथंच वॉर्डात सिस्टर होती. गेली आठ वर्षं तो आईला 'ये, ये' म्हणून पत्रं लिहीत होता. नवरा लवकर गेल्यावर या बाईनं म्युनिसिपालिटीच्या शाळेत बत्तीस वर्षं विज्ञान शिकवलं आणि एकटीनं मुलाला इथवर पोचवलं. ती एकदाची आली, आणि आता पोराच्या घरात कुडकुडून महिन्याभरात परत जाणार! "दोन आठवडे दे मला," तो म्हणाला. "तुझी खोली नागपूरसारखी तापवून दाखवतो. नाही जमलं तर मी स्वतः तिकीट बदलून आणतो."

गंमत अशी, की आल्या दिवशी याच घरात छान ऊब होती. गिरिजाबाई प्रवासातून आल्या त्या सरळ रेडिएटरपाशी गेल्या आणि पाच मिनिटं त्यावर तळहात टेकून उभ्या राहिल्या. "विस्तव दिसत नाही, धूर नाही, राख नाही," त्या हलक्या आवाजात म्हणाल्या. "नुसतं पाणी घरभर फिरतं आणि पत्रा तापतो! कमाल केली रे माणसानं." पद्माकर आठ वर्षं त्या रेडिएटरवर ओले मोजे वाळत घालत होता. त्या दिवशी त्यालाही पहिल्यांदाच त्या पत्र्याचं नवल वाटलं.

दुसऱ्या दिवशी त्यानं हॉलमध्ये जिन्यालगतच्या भिंतीवर आईसाठी एक फळी ठोकून दिली. तिच्यावर बुद्धमूर्ती बसली, शेजारी बाबासाहेबांचा फोटो आला. मुलगा-सून सकाळी सातला घराबाहेर पडत. पद्माकर ओव्हरटाइम करून रात्री साडेआठला उगवे, सुमनही ड्यूटी संपवून तेवढ्यालाच. तोवर गिरिजाबाई घरात एकट्याच. वंदना झाली तरी त्या जाडजूड मेणबत्ती दिवसरात्र तेवती ठेवत, तेवढीच सोबत म्हणून. आणि कसं कोण जाणे, घर हळूहळू गारठत गेलं.

आता पद्माकरनं चंग बांधला. लॅबच्या मुख्य बाई मिसेस व्हिटेकर यांना सांगून त्यानं ओव्हरटाइम बंद केला आणि तो रोज साडेपाचला घरी येऊ लागला. दुकानातून रेडिएटरचं माहितीपत्रक आणून त्यानं आईची खोली मोजली. लांबी, रुंदी, उंची, खिडकी केवढी, बाहेरची भिंत कोणती, या सगळ्याचा गुणाकार करून खोलीला उष्णता किती लागते ते काढायचं होतं. आकडा आला तेव्हा त्याचे डोळे विस्फारले.

"आई, साडेसहा हजार! आणि आपला रेडिएटर देतो जेमतेम तीन हजार. तरीच!"

"परत एकदा करून बघ," जमिनीवर टेपचं दुसरं टोक धरून बसलेल्या गिरिजाबाई म्हणाल्या. "गुणाकारात तू लहानपणापासून धांदरट आहेस. चौथीत काय केलं होतंस, आठवतंय?"

त्याला आठवत नव्हतं. मग ती चौथीतली गोष्ट निघाली. ती संपेपर्यंत सात वाजले.

पुढच्या दोन दिवसांत मित्र जगदीशला हाताशी धरून पद्माकरनं आईच्या खोलीत डबल रेडिएटर बसवला. दोन पत्रे, मध्ये पन्हळी, उचलायला दोन माणसं. जगदीश ब्रॅडफर्डच्या एका कारखान्यात फिटर होता आणि कुठल्याही यंत्रापुढे त्याचा आवाज आपोआप खाली येई. "बघ पद्म्या, केवढं धूड! ह्यानं फुटबॉल ग्राउंड वॉर्म होईल." धूड अर्धा तास तापलं आणि गार पडलं.

"एअर अडकली असेल," जगदीश म्हणाला. "ब्लीड कर."

पद्माकरनं बाजूचा स्क्रू किल्लीनं सोडवला. आतून लांबलचक फुस्स आवाज आला. तिघंही श्वास रोखून ऐकत राहिले. मग काळ्याकुट्ट पाण्याची पिचकारी उडाली, ती सुमननं गेल्या वर्षी हौसेनं लावलेल्या फुलाफुलांच्या वॉलपेपरवर.

"अहो!" दारातून सुमन ओरडली.

"थांब गं, हवा बाहेर येतेय!"

"हवा येतेय की गटार?"

हवा गेली, वॉलपेपरही गेला, थंडी तेवढी राहिली. मग रेडिएटरमागे चांदीचा कागद चिकटवून झाला. पडदे कापून आखूड करून झाले. हॉलमधल्या भिंतीवरच्या थर्मोस्टॅटची, म्हणजे घर किती तापवायचं ते ठरवणाऱ्या डबीची, चकती पद्माकरनं पार शेवटच्या आकड्यावर नेली. शेवटी, सगळ्या घराचंच पाणी कमी पडत असेल, अशा तर्कानं बैठकीत आणि वरच्या खोलीतही एकेक डबल रेडिएटर आला. घराच्या भिंती लोखंडानं भरल्या, आणि गिरिजाबाईंनी तिसरा स्वेटर चढवला.

रोज संध्याकाळी पद्माकर पाना घेऊन आईच्या खोलीत जमिनीवर बसे. आई शेजारी बसून त्याला नटबोल्ट देई आणि बोलत राही. वडिलांनी सायकल कशी घेतली, शाळेच्या प्रयोगशाळेला पहिलं भिंग कसं मिळालं, दीक्षाभूमीवर लहानगा पद्माकर कुणाच्या खांद्यावर झोपून गेला. पद्माकर पाइपाखालून "हं, मग?" करी. दोनदा तर तो पाना फिरवायचाच विसरला.

दुसऱ्या आठवड्यात मिस्टर हार्टली नावाचे म्हातारे प्लंबर आले. दार उघडताच बर्फाळ वाऱ्याचा झोत हॉलमध्ये घुसला आणि फळीवरची मेणबत्ती विझली. हार्टलींनी मूर्तीकडे पाहून टोपी काढली. ते स्वयंपाकघरात, रेडिएटरचं पाणी तापवणाऱ्या बॉयलरपाशी जाऊन उभे राहतात न राहतात तोच तो धडधडून पेटला. पाहता पाहता सगळे रेडिएटर कढत झाले.

"लव्ह, याला काहीसुद्धा झालेलं नाही," हार्टली इथल्या म्हाताऱ्यांच्या आपुलकीच्या रीतीनं गिरिजाबाईंना म्हणाले आणि बॉयलरच्या पाठीवर त्यांनी हात फिरवला. "चाळीस वर्षं हे काम करतोय. इतकं निकोप यंत्र मी क्वचित पाहिलंय."

ते गेले. दार लागलं, मेणबत्ती पुन्हा लागली, आणि पाऊण तासात घर गारढोण. दोन दिवसांनी हार्टली पुन्हा आले, पुन्हा तेच झालं. परक्यासमोर गुणी वागणारं आणि घरच्यांना छळणारं हे यंत्र पाहून पद्माकरची मती गुंग झाली. शनिवारी दुपारी त्यानं हात टेकले.

"आई, मी हरलो," तो म्हणाला. "आठ वर्षं तुला बोलावलं आणि एक खोली गरम करता आली नाही मला. तिकिटाचा फोन करतो."

त्यानं रिसीव्हर उचलला. गिरिजाबाई फळीपाशी उभ्या होत्या.

"ठेव तो फोन," त्या म्हणाल्या. "इकडे ये. बोलू नकोस, नुसतं निरीक्षण कर."

आवाज बत्तीस वर्षं वर्ग चालवलेला होता. पद्माकर मुकाट्यानं जाऊन उभा राहिला. गिरिजाबाईंनी मेणबत्ती फुंकली. एक मिनिट गेलं, दोन गेली, चार गेली. फळीच्या बरोब्बर वर, वीतभर अंतरावर असलेल्या थर्मोस्टॅटच्या डबीत 'टक' असा बारीक आवाज झाला, आणि स्वयंपाकघरात बॉयलर धडधडला. त्यांनी मेणबत्ती पुन्हा पेटवली. थोड्या वेळानं पुन्हा 'टक'. बॉयलर गप्प.

"डबीला वाटतं घर तापलंय," गिरिजाबाई शांतपणे म्हणाल्या. "तिच्या बुडाशी ज्योत आहे ना! एवढीशी ज्योत, पण अख्खं घर बंद करते. कारण सापडल्याशिवाय दुःख हटत नाही, बाबा."

पद्माकर थक्क होऊन कधी डबीकडे, कधी आईकडे पाहत राहिला. तीन डबल रेडिएटर, एक इंजिनिअरसारखा मित्र, चाळीस वर्षांचा प्लंबर, आणि उत्तर काढलं माकडटोपीतल्या मास्तरीणबाईंनी! त्यानं फळी उचकटून समोरच्या भिंतीवर लावली. तासाभरात तिन्ही धूडं एकदम जागी झाली. संध्याकाळपर्यंत घराचं मे महिन्यातलं नागपूर झालं. गिरिजाबाईंनी एकामागून एक तिन्ही स्वेटर उतरवले, आणि संध्याकाळी आलेला जगदीश बनियनवर बसून ताक पिऊ लागला.

"आई, तुम्हाला हे कळलं तरी कधी?" सुमननं पदरानं वारा घेत विचारलं.

"मागच्या बुधवारी."

"म्हणजे या आठवड्यातल्या?"

"नाही गं. त्याच्या मागच्या."

पद्माकरनं मनातल्या मनात दिवस मोजले. दहा दिवस झाले होते.

"दहा दिवस तू थंडीत बसलीस? आणि मला सांगितलं नाहीस?"

"कुणी विचारलं नाही मला. खोटं मी बोलले नाही," गिरिजाबाई म्हणाल्या. मग त्यांनी चष्मा काढला आणि साडीच्या काठानं उगाच पुसला. "थंडीला कोण भितं रे! दिवसभर या घरात घड्याळाशी बोलायचं, आणि तू येणार जेवून झोपायला. म्हणून जाते म्हटलं होतं. मग हे रेडिएटरचं सुरू झालं. तू रोज साडेपाचला घरी यायला लागलास, माझ्यापाशी बसायला लागलास. मग म्हटलं, बिघडलेलंच बरं आहे."

जगदीशनं ताकाचा पेला हळूच खाली ठेवला.

सोमवारी सकाळी लॅबमध्ये मिसेस व्हिटेकरांनी वही उघडून विचारलं, "मग पद्माकर, झालं का हीटिंग दुरुस्त? या आठवड्यापासून संध्याकाळी थांबणार ना?"

"नाही हो," पद्माकर अत्यंत गंभीर चेहऱ्यानं म्हणाला. "फारच गुंतागुंतीचं काम निघालं. जूनअखेरपर्यंत तरी मला रोज साडेपाचला घरी पोचावं लागेल."