तुंगाक्काच्या हिरव्या चहाची परीक्षा

एका जंगलात, मुलांनो, तुंगाक्का नावाची एक अस्वलीण होती. ओढ्याकाठच्या उंबराखाली तिची चूल होती आणि चुलीवर दिवसभर चहा उकळत असायचा. आता जंगलात चहा कुठून आला, असं विचारू नका. गोष्टीत वाघ बोललेला तुम्हाला चालतो, मग चहाचंच काय वावडं?

रानम्हशीचं दूध, ठेचलेलं आलं आणि पोळ्यातला मध. चार उकळ्या फुटल्याशिवाय ती पातेलं उतरवायची नाही. गिऱ्हाइकं बशीत ओतून फुर्र करून प्यायची आणि एकमेकांची उणीदुणी काढायची. ससा कोल्ह्याला तोंडावर लबाड म्हणायचा, तो फक्त इथेच.

एकदा जपानकडून एक करकोचा आला आणि वाघोजीराव सरकारांच्या गुहेत पाहुणा म्हणून उतरला. त्याने सरकारांना आपल्या रीतीने हिरवा चहा करून दिला. चिमूटभर हिरवी पूड वाडग्यात टाकली, गरम पाणी घातलं, बांबूच्या कुंच्याने फेस येईस्तोवर घुसळलं. मग वाडगा दोनदा फिरवून, वाकून, सरकारांपुढे ठेवला. सगळं इतकं सावकाश, की तेवढ्यात तुंगाक्काने अख्ख्या जंगलाला चहा पाजला असता.

सरकारांनी घोट घेतला. जन्मात पहिल्यांदाच त्यांच्या तोंडात पाला गेला होता. मिशा ताठ झाल्या. पण पाहुण्यासमोर बोलणार काय? त्यांनी अप्पासाहेब सांबरांकडे पाहिलं.

अप्पासाहेब म्हणजे दरबारातले चव कळणारे. मागे एकदा सरकारांच्या आंघोळीचं पाणी त्यांनी "उगमापाशी भरलेलं दिसतंय" म्हणत तांब्याभर पिऊन दाखवलं होतं.

"सरकार," अप्पासाहेब डोळे मिटून म्हणाले, "कडू लागतोय तो चहा नव्हे. तो आपल्यातला अडाणीपणा. तो उतरला की मागून गोडवा येतो."

"आला, आला," सरकार घाईघाईने म्हणाले.

झालं! दुसऱ्या दिवसापासून जंगलभर गोडवा यायला लागला. लांडगा वाडगा फिरवी, तरस वाडगा फिरवी. माकडाने तर इतका फिरवला की त्यालाच भोवळ आली. आणि मग हुकूम निघाला: 'चहा उकळणे हा गावंढळपणा आहे. येत्या पंचमीला सकाळी पाहुण्यांसमोर जो रीतीने चहा करून दाखवील, त्याचीच चूल राहील.'

जंगलात चूल होतीच मुळी एक.

तुंगाक्काने हुकूम ऐकला आणि चुलीत आणखी एक लाकूड सारलं. चूल विझली तर करायचं काय? बाकीच्या अस्वलांसारखं गुहेत पंजा चाटत पडायचं?

करकोचा मात्र भला पक्षी. तो स्वतः उंबराखाली आला आणि पुडीची डबी देऊन म्हणाला, "जपून वापरा, अक्का. माझ्याजवळ एवढीच उरली आहे. आणि घाबरू नका. मन लावून करा, एवढीच आमची रीत."

चौथीच्या दिवशी दुपारी तुंगाक्काने डबी उघडली. शेजारचा धोंडबा रानडुक्कर चिखलात लोळत बघत होता.

"काय रे धोंडबा, पाहुण्याला असा कच्चा चहा द्यायचा? बरं दिसतं का ते?"

"छे, छे! लोक नावं ठेवतील. चांगला उकळ. आणि अक्का, हात आखडता नको हं. सरकारांचा पाहुणा आहे."

म्हणून तिने अख्खी डबी पातेल्यात उपडी केली. दूध घातलं, आलं घातलं, मध ओतला, चार उकळ्या आणल्या. पाहते तो काय, त्यापेक्षा डबक्यातलं शेवाळ बरं! तिने बशी धोंडबापुढे केली. चिखलात जन्म काढलेला प्राणी, पण तोही वास घेऊन दोन पावलं मागे सरकला.

"अक्का, माझा आज उपास आहे."

"मेल्या, तुझ्या सात पिढ्यांत कुणी उपास केला नाही!"

डबी तर रिकामी झाली होती. तुंगाक्का मटकन खाली बसली.

"जाऊन खरं सांगून टाक," धोंडबा म्हणाला.

"सांगते. आणि येताना चुलीवर पाणी ओतते, होय ना?"

बसल्या बसल्या तिची नजर पलीकडच्या काठावरच्या शेवग्यावर गेली. ती उठली. पाला ओरबाडला, तापलेल्या कातळावर कुरकुरीत वाळवला, दगडावर वाटला आणि फडक्यातून तीनदा वस्त्रगाळ केला.

पंचमीला सारा दरबार उंबराखाली जमला. तुंगाक्काने करकोच्याचा कुंचा हातात घेतला आणि घुसळत राहिली. फेस आला. वाडगा दोनदा फिरला.

पहिला घोट अप्पासाहेबांचा. रोज उजाडता त्याच शेवग्याचा पाला खाणारे हे गृहस्थ!

"वा!" अप्पासाहेबांचे डोळे भरून आले. "परवाचा जरा इकडचाच वाटत होता. हा थेट जपानचा!"

"आला," सरकार म्हणाले. अजून त्यांच्या हातात वाडगा यायचाच होता.

मग करकोच्याने घोट घेतला. थांबला. वाडग्यात पाहिलं. तुंगाक्काच्या भाजलेल्या, हिरव्या पडलेल्या पंजांकडे पाहिलं.

"इतका मन लावून केलेला चहा," तो हळूच म्हणाला, "मी फार दिवसांत प्यायलो नव्हतो." आणि त्याने तिच्यापुढे मान लववली.

चूल राहिली. इतकंच नव्हे, अप्पासाहेबांनी रोज तिच्याकडे शिकायला जावं, असाही हुकूम झाला.

परत निघताना करकोचा एकटाच उंबराखाली आला.

"अक्का, पाला कसला होता?"

तुंगाक्काच्या हातातली पळी थांबली. "शेवग्याचा," ती म्हणाली.

पाहुण्याने मान डोलावली. "चार मुठी बांधून द्याल?"

"तुम्हाला कशाला? तुमच्याकडे खरा आहे की!"

"खरा आहे," करकोचा म्हणाला. "पण आमच्या दरबारातही एक अप्पासाहेब आहेत."

तात्पर्य: खोटं कधी बोलू नये, मुलांनो. समोरच्याला फार कळत असलं, की बोलायची वेळच येत नाही.