महाग हाय की नाय

सदाभाऊजींना भांडायला दोन खुर्च्या लागतात. माणूस मात्र एकच, ते स्वतः. सकाळी सव्वानऊला शेअर बाजार उघडला की ते ओटीवरच्या लाकडी खुर्चीत बसतात, बायकोचा मोबाईल डोळ्यांजवळ धरतात आणि म्हणतात, "महाग हाय." मग उठतात, समोरच्या प्लास्टिकच्या खुर्चीत जाऊन बसतात, पदर सावरावा तसा खांद्यावरचा टॉवेल सावरतात आणि म्हणतात, "काय महाग नाय. थांबा जरा." पुन्हा उठतात. दहा-साडेदहापर्यंत हे असं चालतं.

मी भिंतीपलीकडची शेजारीण. अंगणवाडीत पंचवीस वर्षं लोकांची पोरं सांभाळली आहेत, तेव्हा असल्या खुळांना मी भीक घालत नाही. पण खरं सांगते, सकाळी भाकऱ्या थापताना पलीकडून तो दुसरा आवाज आला की माझ्या अंगावर काटा येतो. तो सुलोचनाचा आवाज असतो. नक्कल म्हणाल तर भाऊजींना साधी मांजराची नक्कल येत नाही. आणि सुलोचनाला जाऊन वर्ष होऊन गेलं.

भाऊजी रसायनीच्या एका कारखान्यात लॅबमध्ये होते. तीस वर्षं काचेच्या नळ्यांत बघून वहीत आकडे लिहिले. "आकडा खोटा लिवला तर हात झडंल," हे त्यांचं ब्रीद. तेच घरी आलं. दूधवाल्याचं दूध मोजायचं, वाण्याचे पोहे पुन्हा तोलायचे. माझ्या पुतणीच्या लग्नात जिलबी कशी झाली म्हणून कौतुकानं विचारलं, तर म्हणाले, पाक जरा पुढं गेलाय, दोन मिनिटं आधी उतरवायला हवा होता. व्याह्यांसमोर! मी चार महिने बोलले नाही त्यांच्याशी.

आता हा शेअर कुठून आला ते सांगते. सुलोचनाचं माहेर कर्जतकडचं. तिथला माळ फार्महाऊसवाल्यांनी घेतला आणि भावांनी बहिणीचा वाटा मानानं आणून दिला. ती तेव्हा शनिवार-रविवारी एका मुंबईवाल्याच्या बंगल्यावर स्वयंपाकाला जायची. एकदा पायरीवर मेथी निवडत बसली होती, तर पाठीमागे मालकाची विजेची गाडी येऊन उभी. आवाज नाही की धूर नाही. बाई दचकून मेथीसकट उभी राहिली, आणि तिथंच भाळली. सगळे पैसे तिनं विजेच्या गाड्या करणाऱ्या एका कंपनीच्या शेअरांत घातले. आपल्या नावावर, मुलाकडून मोबाईल शिकून घेऊन. भाऊजींना विचारलंही नाही.

तिथून दोघांचं जुंपलं ते जुंपलं. भाऊजींचं म्हणणं, म्हैस घेताना माणूस दूध बघतो. ही कंपनी म्हणते, म्हैस पुढच्या वर्षी विणार, तिची पारडी त्याच्या पुढं विणार, आणि त्या सगळ्या दुधाचे पैसे आजच ठेवा. सुलोचना म्हणायची, मग माझ्या बापाच्या माळावर काय पिकत होतं? कुसळं. भाव कुसळांना आला का? उद्या रस्ता येणार म्हणून आला. यावर भाऊजी दुसऱ्या दिवशी नवं उत्तर घेऊन यायचे. पुढं शेअर पडायला लागला. सुलोचना म्हणाली, बघा, आता तरी स्वस्त झाला. हे म्हणाले, "ताडावरनं पडला नि माडावर अडकला, म्हणून काय जमिनीवर आला का गं?" गावात दुसऱ्यांच्या घरी सासू-सुनांची भांडणं, आमच्या शेजारी कंपनीच्या भविष्याची.

एका सकाळी असा वाद अर्ध्यात टाकून सुलोचना छातीत कळ आली म्हणून दवाखान्यात गेली. ती परत आलीच नाही.

दहाव्याला आम्ही सगळे पाताळगंगेच्या काठी. पिंड ठेवला, आणि कावळा शिवेना. समोर झाडावर एकच बसलेला, ओरडत नव्हता, नुसता बघत होता. तिचा मुलगा महेश नेरळला राहतो, त्यानं सांगितलं, आई, बाबांना मी सांभाळीन. कावळा हलला नाही. भावांनी काय काय कबूल केलं. मीसुद्धा तिचा नेलेला इडलीचा कुकर परत देईन म्हटलं. नाहीच. ऊन डोक्यावर आलं, भटजी घड्याळ बघायला लागले. तेव्हा भाऊजी पुढं झाले, हात जोडले आणि पडक्या आवाजात म्हणाले, "अगं, महाग नाय तो शेअर. तुजंच खरं."

कावळा तडक खाली आला. लोकांनी सुस्कारा टाकला. मी मात्र भाऊजींकडे बघत होते. जन्मात पहिल्यांदा खोटा आकडा लिहिल्यासारखा चेहरा झाला होता त्यांचा.

त्या दिवसापासून या दोन खुर्च्या. मेलेल्या माणसाला शब्द दिलेला, आणि मन तर सांगतंय महागच आहे. मग तो शब्द खरा करायला माणूस रोज तिच्या बाजूनं बसतो, तिच्यासारखं बोलतो, स्वतःला पटवायला बघतो. पटत नाही. शेअर पडतोच आहे. महेश दर रविवारी येऊन डोकं फोडतो की आईच्या माहेरचा पैसा विरघळतोय, एवढ्या फॉर्मवर सही करा, खातं तुमच्या नावावर होईल, मग विकून मोकळे होऊ. भाऊजी म्हणतात, आधी वाद मिटू दे.

मी एकदा समजवायला गेले. दमले होते, समोर दिसली त्या प्लास्टिकच्या खुर्चीत बसले. भाऊजी ओरडणार होते, पण त्याआधी माझ्याच तोंडून निघालं, "रस्ता अजून झाला कुठं पुरा? मग आत्ताच भाव कशाला करता?" देवाशपथ, मला त्या कंपनीतलं ओ की ठो कळत नाही. असलं काही माझ्या मनातसुद्धा नव्हतं. भाऊजी बघतच राहिले. मी चहा तसाच टाकून घरी आले आणि स्वतःवरून मीठमोहऱ्या उतरवून टाकल्या. आमचे हे हसले. हसू देत. ते नव्हते त्या खुर्चीत.

वर्षश्राद्धाला कौलांवर पान ठेवलं तेव्हा मला धाकधूक होती. भाऊजींनी आदल्या रात्रीपासून पाणीही घेतलं नव्हतं. कावळा आला, पन्हाळीवर बसला आणि तसाच मान वाकडी करून बघायला लागला. भाऊजी अंगणात उभे राहिले. म्हणाले, अगं, मी नदीवर खोटं बोललो. वर्षभर सगळ्या बाजूंनी बघितलं. महागच हाय. तुला जेवायचं नसंल तर नको जेवू, पण आकडा मला फिरवता येत नाय.

महेशनं कपाळाला हात लावला. आणि कावळ्यानं शांतपणे भाताचा घास उचलला. भाऊजी तिथंच अंगणात बसले आणि लहान पोरासारखे रडले. मलाही रडू आलं, उगाच कशाला लपवू.

झालं, सुटले भाऊजी, असं आम्हाला वाटलं. दुसऱ्या दिवशी सकाळी महेशनं फॉर्म पुढं केला. साक्षीदार म्हणून मला बोलावलं होतं, मी चष्मा घेऊन गेले. भाऊजींनी पेन हातात घेतलं, सहीची जागा शोधली. तेवढ्यात बाजूला ठेवलेला सुलोचनाचा मोबाईल बोलला. बाईचा आवाज, सपाट, थंडगार.

"गुड मॉर्निंग, सुलोचना."

माझ्या हातातून चष्मा पडला. महेश म्हणाला, घाबरू नका काकू, आईला मोतीबिंदूनं बारीक अक्षर दिसायचं नाही, म्हणून मी मोबाईलला मेसेज वाचायला लावला होता. रोज बाजार उघडला की शेअरवाले खातेदाराला नावानं नमस्कार करतात. भाऊजींनी विचारलं, सही केल्यावर? महेश म्हणाला, आईचं खातं बंद, मग तुमच्या नावानं करतील.

भाऊजींनी पेन खाली ठेवलं.

महेश चिडला. आता काय राहिलं बाबा, कावळासुद्धा जेवून गेला, म्हणाला. भाऊजींनी तो मोबाईल उचलून टॉवेलनं पुसला. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "वैनी, चाळीस वर्षांत मी तिला नावानं हाक मारली नाय. आमच्यात बायकोचं नाव घेत नाय. आता ह्या घरात तिचं नाव घेणारं एवढंच एक हाय. ते पण बंद करू?"

  मी म्हटलं, "मग तुमीच घ्या की नाव, भाऊजी. आता कोण हसतंय?"

त्यांनी समोरच्या रिकाम्या खुर्चीकडे बघितलं. लाजले. खरंच सांगते, सत्तरीचा माणूस कानापर्यंत लाल झाला. टॉवेलनं तोंड पुसलं, घसा खाकरला, ओठ जुळवले. 

"अगं," ते म्हणाले. पुढं काही आलं नाही.

मी पेनाला टोपण लावलं, फॉर्म घडी घालून महेशच्या खिशात ठेवला आणि चहा टाकायला आत गेले.