हौसाकाकींचे तीन किलोवॅट

हौसाकाकी कुणाच्या घरात शिरल्या की आधी पाणी मागत नाहीत, आधी पंखा बंद करतात. मग चप्पल काढतात. पंख्याखाली घरचा जावई बसलेला असो की जेवणाची पंगत, त्यांचा हात बटण शोधणारच. कुणी कुरकुर केली तर उत्तर ठरलेलं, "बिल काय तुझा मामा भरणार हाय व्हय?" एकदा आमचे मामा खरोखरच समोर बसलेले होते. ते वर्तमानपत्रानं वारा घेत बसले.

केंदूरला त्यांची आणि आमची भिंत एकच, त्यामुळे हे सगळं मी वीस वर्षं जवळून भोगलंय. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली, एकुलती एक लेक दौंडला रेल्वे कॉलनीत. घरात काकी एकट्या. ओट्यावर एक दिवा, आत एक बल्ब आणि एक पंखा, तोही लेकीच्या बाळंतपणात फिरला तेवढाच. विजेची बिलं तारेला टोचून ठेवलेली. गावात लाइट गेली की सगळे शिव्या घालतात; काकी ओट्यावर येऊन म्हणणार, "चला, तेवढंच मीटर थांबलं." मी एकदा बोलून गेले, "काकी, तुमचं मीटर चालतंय कुठं थांबायला?" आठवडाभर अबोला. त्या अबोल्यातही रोज येऊन आमचा पंखा बंद करून जायच्या, एक शब्द न बोलता!

तर अशा या बाईच्या कानावर सोलरची योजना पडली. शिरूरला पॅनेलचं दुकान असलेला इमरानभाई ग्रामपंचायतीत माहिती सांगायला आला होता. छतावर पॅनेल लावा, दिवसा तयार होणारी वीज वापरा, उरली तर ती वीज कंपनीच्या तारेत जाऊन तुमच्या नावावर जमा होईल, आणि सरकार सबसिडी थेट बँकेत टाकेल. काकी पहिल्या रांगेत, कानावरचा पदर मागं सारून.

"सबशिडी कितीपत्तूर?"

"तीन किलोवॅटपर्यंत वाढत जाती काकी. त्याच्या पुढं वाढत न्हाई."

"मंग मला तीन."

इमरानभाईनं त्यांचं बिल हातात घेतलं आणि त्याला हसू आवरेना. "काकी, एवढ्या युनिटात माझ्या दुकानाचा बोर्डबी पेटत न्हाई. तुम्हाला एक बास झालं. तीनला तेवढा वापर पायजे."

सगळी सभा हसली. मीही हसले, खोटं कशाला सांगू. काकी उठल्या, पदर खोचला. "सरकार तीन वाढतंय आन् मी एकावर हात धुवू? हक्काचं सोडणारी मी न्हवं. वापर पायजे ना तुला? दावते वापर."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी कामावर जायला आमच्या कंपनीच्या बसला निघाले, तर काकींच्या ओट्यावरचा दिवा भर उन्हात चालू. म्हटलं, बाईला रात्रीतून काही झालं की काय! पळत आत गेले. काकी पंख्याखाली पाटावर बसलेल्या, अंगावर शाल, कारण वाऱ्याची सवय नाही.

"काकी, दिवा..."

"ऱ्हाऊ दे. वापर चालू हाय. आन् तुझी घरघंटी माझ्याकडं आणून ठेव. इथनं पुढं दळण हितं."

मी नाही म्हणून पाहिलं. काकींपुढं नाही म्हणणं म्हणजे दगडावर डोकं आपटणं. चौघांनी उचलून आमची पिठाची गिरणी त्यांच्या सोप्यात नेली. मग त्या आळीत फिरल्या. कुणाचा मिक्सर, कुणाची इस्त्री, सगळ्यांचे मोबाइल चार्जिंगला. फुकटची वीज म्हटल्यावर बायका कशाला मागं राहतात? कुणी चटणी वाटतंय, कुणाचं दळण चाललंय, आणि मधे काकी मीटरसमोर उभ्या. मीटरचा लाल दिवा लुकलुकला की त्यांचा हात छातीवर जायचा. जन्मभर जपलेलं डोळ्यांदेखत उधळत होत्या बिचाऱ्या! पण माघार नाही. एखादी लवकर उठली तर तिला पुन्हा बसवायच्या, "ती कापडं परत इस्त्री कर. कॉलर बघ कशी दिसतीय." ज्या घरात आम्हाला कधी घोटभर चहा मिळाला नव्हता तिथं अर्धा लिटर दूध यायला लागलं. भिंतीपलीकडून इतका दंगा यायचा की आमच्या घरात टीव्ही ऐकू येत नव्हता.

तीन महिन्यांनी काकी बिलं घेऊन एसटीनं शिरूरला गेल्या. सोबतीला मी, अर्ध्या दिवसाची रजा टाकून. बिलं इमरानभाईच्या टेबलावर आपटली. त्यानं ती पाहिली आणि कपाळावर हात मारला.

"काकी, ती अट न्हवती हो! मी आपला सल्ला दिला. तीनच पायजेत असं तुम्ही धरून बसला असता तर मी तवाच तीन बसवून दिले असते."

मी हळूच खुर्ची मागं घेतली. आता इथं काय होतंय देव जाणे.

"मंग तवा तोंडात मिठाची गुळणी धरली हुतीस का रं?" काकी इतक्या जोरात ओरडल्या की शेजारचा सलूनवाला वस्तरा घेऊन बाहेर आला. इमरानभाईनं मुकाट्यानं फॉर्म काढला आणि वर चहा पाजला.

दोन शेळ्या विकून आणि डब्यातले साठवलेले पैसे घालून पॅनेल लागले. तीन किलोवॅट, मोजून. सबसिडी जमा झाली त्या दिवशी काकींनी पासबुक गावभर दाखवलं, हनुमानाच्या देवळातसुद्धा. बिल आलं ते नुसत्या स्थिर आकाराचं. त्यावरही त्या महिनाभर भांडल्या, की वीज माझी, ऊन देवाचं, मग हा आकार कशाचा? काकींचं बघून आळीतल्या आठ-दहा घरांनी अर्ज केले. कागद कुठले, सही कुठं, सगळं काकीच सांगायच्या, खवळून खवळून. आमच्याही छतावर पॅनेल आले ते त्यांच्याच नादानं.

मी घरघंटी परत आणली. बाकीच्यांनी मिक्सर नेले. काम झालं होतं, आता कशाला कुणाच्या घरी जायचं?

फेब्रुवारीत काकी दारोदार फिरायला लागल्या. इमरानभाईनं सांगितलं होतं की मार्चअखेर उरलेली युनिटं वीज कंपनी स्वस्तात घेऊन खातं मिटवते. "युनिटं वाया चालल्यात गं. दळण आणा, मिरची आणा." पण येणार कोण? ज्याच्या त्याच्या छतावर स्वतःची वीज. बायका हसून म्हणायच्या, "आमचीच सरत न्हाईत काकी."

एका रविवारी दुपारी माझ्या दारात आल्या. आठवड्याची धुणी पडलेली, डोकं उठलेलं. त्यांनी तेच सुरू केलं आणि मी भडकले.

"काकी, माझीच युनिटं उतू चाललीत, तुमची कुठं घालू? कंपनी देईल ते पैसे घ्या आणि गप्प बसा की!"

त्या भांडतील असं वाटलं होतं. मी तयारच होते. पण त्या चौकटीला धरून उभ्या राहिल्या.

"व्हय, ते खरंच हाय. पैशाचं न्हाई गं सुरेखा. तवा लेकीचा फोन यायचा. आई, काय करतीस? मी म्हणायची, बाया आल्यात दळायला, मागनं कर, मला येळ न्हाई. लई बरं वाटायचं असं म्हणाया. आता ती इचारती काय करतीस, तर सांगायला कायच न्हाई."

आणि वळून गेल्या. मला माझीच लाज वाटली. वीस वर्षं एका भिंतीला राहून मला ही बाई फक्त कंजूष दिसली होती.

पिठाचा डबा काठोकाठ भरलेला होता. तरी पाच किलो गहू पिशवीत ओतले आणि त्यांच्या मागोमाग गेले. "काकी, पीठ संपलंय. पण मशीन आणायला आता माणसं कुठून आणू?"

"माणसं कशाला? ये आत."

सोप्यात कोपऱ्यात नवी कोरी घरघंटी होती. स्वतःच्या एका भाकरीसाठी कुणी घरघंटी घेत नाही. सबसिडीचं पासबुक सगळ्या गावानं पाहिलं होतं, त्या पैशाचं पुढं काय झालं हे एकानंही विचारलं नव्हतं. शेजारी चार खुर्च्या मांडलेल्या, त्यांच्यावरचं प्लास्टिकही अजून काढलेलं नव्हतं.

मी एका खुर्चीवर बसले. काकींनी गहू मशीनमध्ये ओतले, बटणावर हात ठेवला आणि माझ्याकडं न बघता विचारलं,

"जाडं काढू का बारीक? बारकाला लई येळ लागतो."

"बारीक काढा," मी म्हटलं.