चित्राला चिकटलेली धून

दोन खेपा करण्यापेक्षा सगळं एकाच खेपेत न्यावं, एवढंच मी ठरवलं होतं. (माझ्या बहुतेक संकटांची सुरुवात अशीच समंजस वाटते.)

मी सकाळी चित्रं काढतो आणि दुपारनंतर व्हायोलिन वाजवतो. चित्रकार मला चांगला वादक समजतात आणि वादक चांगला चित्रकार. त्या रविवारी दोन्ही गोष्टी एकाच इमारतीत आल्या: खालच्या दालनात चार वाजता चित्रप्रदर्शन, वरच्या सभागृहात सहा वाजता वादन. पियानोच्या साथीला माझी लेक. ही, म्हणजे माझी बायको, गेल्यापासून दीड वर्ष लेकीनं पियानोचं झाकण उघडलं नव्हतं. आता तयार झाली ती एका अटीवर, आईनं रचलेली धून वाजवायची. पियानोची साथ लेकीला ऐकून ऐकून पाठ होती; व्हायोलिनची धून मात्र एकाच पानावर होती, हिच्या हातची, फिक्या पेन्सिलीत.

"बाबा, त्याची झेरॉक्स काढून ठेवा," असं लेकीनं तीनदा सांगितलं होतं. मी तिन्ही वेळा "हो" म्हणालो होतो.

निघताना चित्रातलं आकाश जरा फिकं वाटलं, म्हणून जाता जाता निळ्या तैलरंगाचा एक जाड हात मारला. लेक गाडी चालवत होती. मी मागच्या सीटवर, चित्र मांडीवर आडवं धरून. वाटेत म्हटलं, धून एकदा नजरेखालून घालावी. पान ठेवायला मांडीवर आयतं टेबल होतंच.

पोचल्यावर पान उचललं, तर चित्रही उचललं गेलं.

"बाबा, काय झालं?"

"काही नाही. पान जरासं चिकटलंय."

"कुठे?"

"आकाशात."

तिनं मागचं दार उघडून वाकून पाहिलं. ही अशा वेळी आधी डोळे वटारायची, पण थोड्या वेळानं हसायची. लेक हसली नाही.

मी एक कोपरा सोडवायला गेलो, तर पहिली ओळच फाटायला लागली.

"हात काढा," लेक म्हणाली. तिनं फोनवर फोटो काढून पाहिला. तेल कागदात मुरलं होतं. फोटोत नुसतं निळं आलं. अगदी नाक लावून पाहिलं तरच पेन्सिल दिसत होती.

"तुम्हाला पाठ असेल ना?"

"सुरुवात आहे."

"आणि पुढे?"

"पुढे तुझी आई पियानोवरून मान हलवायची, मग मला आठवायचं."

लेकीनं फोन पर्समध्ये टाकला. "मग आज राहू दे, बाबा. परत कधीतरी."

तिचं हे 'परत कधीतरी' मी दीड वर्ष ऐकत होतो. आजही ते मानलं, तर ते झाकण कायमचंच बंद राहील, असं वाटलं. "चित्र चार वाजता भिंतीवर," मी म्हणालो, "आणि सहा वाजता स्टेजवर."

दालन सांभाळणाऱ्या बाईंनी पानासकट चित्र टांगलं. (नवीन प्रकार असेल, असं त्यांना वाटलं. मीही तसाच चेहरा केला.) पण सहाला मी ते उतरवायला गेलो, तेव्हा त्या आडव्या आल्या.

"प्रदर्शन संपेपर्यंत चित्र माझ्या नजरेआड जायचं नाही."

"मग तुम्हीही वर चला," मी म्हणालो.

बाई आल्या. वरच्या सभागृहातल्या, पान ठेवायच्या स्टँडनं चित्राचं वजन अंगावर येताच मान टाकली, म्हणून चित्र बाईंनीच धरलं. मी पानाला नाक लावून उभा राहिलो. श्रोत्यांच्या वाट्याला माझी पाठ आली.

धून सुरू झाली. बाईंना ती आवडली, हीच पंचाईत. त्या डोलायला लागल्या, त्यांच्याबरोबर आकाश डोलायला लागलं आणि आकाशामागे मी. डावीकडे, उजवीकडे, पुन्हा डावीकडे. तिसऱ्या ओळीवर बाईंचा अंगठा आला.

"बाई, अंगठा," मी पुटपुटलो.

बाईंनी अंगठा तसाच ठेवून अख्खं चित्र वर उचललं.

मी थांबलो. मग पियानोवर तीच ओळ पुन्हा आली, सावकाश, मला हात दिल्यासारखी. मी वळून पाहिलं. लेक माझ्याकडे बघत मान हलवत होती, अगदी हिच्यासारखी. मला पुढचं सगळं आठवलं. शेवटपर्यंत मी पानाकडे पाहिलंच नाही. बाई मात्र इमानेइतबारे चित्र धरून डोलत राहिल्या. ते पाहून वाजवता वाजवता लेक हसली.

नंतर खाली आलो, तर बाईंनी पुन्हा टांगलेल्या माझ्या चित्रासमोर एक वयस्कर गृहस्थ उभे होते. चष्मा कपाळावर ढकलून, पानाच्या अगदी जवळ.

"फार सुंदर," ते म्हणाले. "काय हात आहे!"

"माझ्या बायकोचा," मी म्हणालो.

"वा. तरीच." त्यांनी चष्मा डोळ्यांवर घेतला, दोन पावलं मागे सरकले आणि हळहळून विचारलं, "इतक्या चांगल्या पानावर हा निळा रंग कुणी हो सांडला?"